मामी, डबल बेस आणि गादीवाले

माझ्या मामीच्या संगीताचा पाया म्हणजे तिची उंची. ती शाळेत असताना संगीताच्या मास्तरांनी एकदा वर्गावरून नजर फिरवली आणि सगळ्यांत मागे बसूनही जिचं डोकं सगळ्यांच्या वर दिसत होतं तिच्याकडे बोट दाखवून म्हणाले, "तू. ये इकडे आणि ते कोपऱ्यातलं उचल बघू." कोपऱ्यातलं म्हणजे डबल बेस. व्हायोलिनला लहानपणापासून खुराक देऊन माणसापेक्षा उंच वाढवलं तर जे तयार होईल ते. उभं राहून, कुशीत घेऊन वाजवायचं. मामीनं ते उचललं. "त्यानंतर तिनं ते खाली ठेवलेलं मी तरी पाहिलेलं नाही," असं मामा म्हणतो.

मी कॉलेजात असताना मामा-मामीकडे राहायला होते, म्हणून हे सगळं मला इतकं जवळून माहीत. दोन खोल्यांचं घर. त्यात कपाट बाहेरच्या खोलीत आणि डबल बेस झोपायच्या खोलीत, पलंगाला लागून, उन्हापासून लांब, मामीच्या जुन्या शालीत गुंडाळलेला. हवा कोरडी पडली की त्याच्या पायाशी पाण्याचं भांडं ठेवायचं, लाकूड तडकू नये म्हणून. मामाच्या घशाला कोरड पडली तर मामानं स्वतः उठून पाणी प्यायचं.

मामा लिफ्ट दुरुस्त करतो. दोघांची ओळखही लिफ्टमध्येच झाली. मामी डबल बेस घेऊन वरच्या मजल्यावरच्या संगीत शाळेत निघाली होती आणि लिफ्ट मध्येच अडकली. मामा आला, त्यानं दार जरासं फाकवलं, तर फटीतून नुसतं लाकूड दिसतंय.

"आत कोण आहे?"

"मी."

"किती जण आहात?"

"दोघं."

"दुसरे कुठेत?"

"तुमच्या नाकासमोर उभे आहेत की!"

बिघाड अगदी किरकोळ होता, असं मामानं पुढे कबूल केलं. एक वायर निसटली होती. पण त्या फटीतून येणाऱ्या आवाजाशी बोलता बोलता त्यानं ती वायर पुन्हा पुन्हा तपासली, बाकीच्या शाबूत वायरी तपासल्या, आणि शेवटी आतून मामीच म्हणाली, "अहो, नाव-गाव सगळं विचारून झालं. आता दार उघडता का?"

मामी तेव्हा शहराच्या ऑर्केस्ट्रात नुकतीच लागली होती. ऑर्केस्ट्रा म्हणजे सिनेमातली गाणी म्हणणारा नव्हे. काळ्या कपड्यांतली भरपूर माणसं, व्हायोलिनं, बासऱ्या, तुताऱ्या, नगारे, पुढे काडी हलवणारा कंडक्टर, आणि गाणारं कुणीच नाही. मामाला यातलं काही ठाऊक नव्हतं. मामी पहिल्यांदा त्याला म्हणाली, "आज कंडक्टर माझ्यावर चिडला," तेव्हा मामा कळवळून म्हणाला होता, "का गं? सुट्टे नव्हते?"

तरीही लग्नानंतर मामानं मामीचा एक कार्यक्रम चुकवला नाही. चुकवला नाही आणि एका जागी गप्पही बसला नाही. या संगीतात एकेक रचना चार-चार भागांची असते आणि सगळे भाग संपल्याशिवाय टाळ्या वाजवायच्या नसतात. मामाला हे शंभरदा सांगून झालं. पण एक भाग संपून दुसरा सुरू व्हायच्या आधी सगळं सभागृह श्वास रोखून बसलेलं असताना मामाच्या दणदणीत टाळ्या ठरलेल्या. पुढून पहिल्या खुर्चीतले मुख्य व्हायोलिनवादक मान वळवून बघायचे. त्यांना सगळे ‘इस्त्री’ म्हणत. कपडे इस्त्रीचे, केस इस्त्रीचे आणि चेहऱ्यावरही एक सुरकुती नाही, कारण सुरकुती पडण्याइतकं ते कधी हसलेच नव्हते.

मामा मामीच्या हाताकडे बघून डोलायचा. हात डावीकडे गेला की डावीकडे, उजवीकडे गेला की उजवीकडे. पण एकदा मामी आत कपडे बदलत असताना तो माझ्या कानाशी आला आणि म्हणाला, "कुणाला सांगू नकोस. तुझी मामी नेमकं काय वाजवते ते मला अजून ऐकू आलेलं नाही. एवढ्या कल्लोळात शोधायचं कुठे?" मी तोंडावर हात दाबून हसले. कारण मलाही कधी नीट ऐकू आलं नव्हतं.

तर असं सगळं चाललेलं असताना ऑर्केस्ट्राचे दिवस फिरले. एकदम नाही, हळूहळू. पुढच्या रांगांमध्ये वर्षानुवर्षं बसणारे आजी-आजोबा एकेक करून यायचे थांबले आणि त्यांच्या खुर्च्यांवर नातवंडं काही येऊन बसली नाहीत. नातवंडांच्या कानात जगातले सगळे ऑर्केस्ट्रे आधीच खुपसलेले होते, तेही फुकट आणि पाहिजे तेव्हा बंद करता येणारे. मग शहराच्या कारभाऱ्यांनी अनुदान कापलं. मग रिकाम्या झालेल्या जागा भरणं थांबलं. मामी लागली तेव्हा डबल बेसवाल्यांची एक अख्खी रांग होती; कुणी निवृत्त झालं, कुणी परदेशी गेलं, आणि शेवटी त्या रांगेत मामी एकटी उरली. तुतारी वाजवणारे गृहस्थ सकाळी शाळेची व्हॅन चालवू लागले. मुलं ऐकेनाशी झाली की हॉर्नऐवजी तुतारी काढतात, अशी त्यांची ख्याती झाली.

सगळ्यांत कहर म्हणजे दारावरचा माणूस कमी केला, तेव्हा कंडक्टरसाहेब कार्यक्रमाआधी स्वतः दारात उभे राहून, काळ्या लांब कोटात, लोकांची तिकिटं फाडू लागले. मामाला इतका आनंद मी क्वचितच झालेला पाहिला. "आता कसे शोभले!" म्हणत तो दरवेळी मुद्दाम त्यांच्याच हातून तिकीट फाडून घ्यायचा.

मामीचं दुसरं उत्पन्न होतं ते रेकॉर्डिंगचं. सिनेमा, जाहिराती, मालिका, कुठेही खालचे भारदस्त सूर लागले की स्टुडिओतून बोलावणं यायचं. एकदा एका तरुण कीबोर्डवाल्यानं बोलावलं. अतिशय गोड मुलगा. "ताई, मला तुमचा एकेक स्वर हवा," म्हणाला. मामीनं दिवसभर उभं राहून त्याला डबल बेसचा प्रत्येक स्वर वाजवून दिला. हळू, जोरात, लांब, तोकडा, गजानं, बोटानं. त्यानं चहा दिला, मानधन दिलं, वाकून नमस्कार केला. आणि त्यानंतर त्यानंही बोलावलं नाही आणि बाकीच्या कुणीही बोलावलं नाही. बोलवायची गरजच उरली नव्हती. मामी त्याच्या यंत्रात जाऊन बसली होती आणि बटण दाबलं की वाजत होती.

हे तिला कळलं दातांच्या दवाखान्यात. मामी खुर्चीत आडवी, तोंड उघडं, तोंडात दोन-तीन अवजारं, आणि रुग्णाचं मन रमावं म्हणून छताला टीव्ही लावलेला. त्यावर टूथपेस्टची जाहिरात लागली आणि मामी ताडकन उठायला बघू लागली.

"ई! ई ए ई!"

डॉक्टरीणबाई घाबरल्या. "दुखतंय का? फार दुखतंय?"

"ई! ई आए ई!"

अवजारं बाहेर काढल्यावर मामी ओरडली, "मी! ती मी आहे! तो मागचा आवाज, तो मी आहे! त्या दिवशी मला सर्दी झाली होती, त्या स्वराला गज जरासा घसरला होता, बघा, बघा, घसरला!"

डॉक्टरीणबाईंनी आदरानं टीव्हीकडे बघितलं. जाहिरातीत एक दाढ नाचत होती.

घरी येऊन तिनं हे सांगितलं आणि आम्ही तिघं हसून हसून बेजार झालो. मग मध्येच मामी गप्प झाली. "म्हणजे मी इतकी छान वाजवते की आता मला वाजवायचीच गरज नाही," ती म्हणाली. पण फार वेळ गप्प राहणं तिला जमत नाही. थोड्या वेळानं ती त्या नाचऱ्या दाढेची नक्कल करून दाखवत होती.

अशात ऑर्केस्ट्राला नवीन मॅनेजरबाई आल्या. तरुण, चपळ, एका हातात कॉफी, दुसऱ्या हातात फोन, आणि डोक्यात कल्पनांची जत्रा. त्यांनी जलतरण तलावाकाठी कार्यक्रम केला. नगाऱ्याच्या काड्या तरंगत पलीकडे गेल्या. त्यांनी वादकांचे हसरे फोटो काढून पोस्टर करायचं ठरवलं. इस्त्रींचा हसरा फोटो बघून छापखान्यातून फोन आला की यात काही बिघाड दिसतोय, दुसरा पाठवा. मामीला या बाई फार आवडायच्या. "चुकतात, पण धावत चुकतात," ती म्हणायची.

आणि मग सभागृहाचं छप्पर गळू लागलं. तालमीच्या वेळी इस्त्रींच्या बरोब्बर टाळूवर थेंब पडायला लागले. इंजिनिअर आले, वर बघून त्यांनी नुसताच लांब ‘हं’ केला आणि सभागृहाला कुलूप लागलं. खुर्च्यासुद्धा आतच राहिल्या. हंगामातला मोठा कार्यक्रम तोंडावर आलेला, आणि ऑर्केस्ट्राला बसायला जागा नाही.

मॅनेजरबाईंनी सगळं शहर पालथं घातलं. शेवटी एक जण ‘हो’ म्हणाले, ते गाद्यांचे व्यापारी. गोल, गुबगुबीत, स्वतःच्या मालाची जाहिरात अंगावर वागवणारे गृहस्थ. त्यांना भेटायला मॅनेजरबाईंबरोबर वादकांच्या वतीनं मामी गेली होती.

"खरं सांगू का मॅडम?" गादीवाले म्हणाले. "मी आयुष्यात एकदाच तुमच्या कार्यक्रमाला आलो. बायकोनं ओढून आणलं होतं. अशी झोप लागली म्हणता! तशी झोप मला माझ्या स्वतःच्या गादीवर लागत नाही."

मॅनेजरबाईंचं हसू ओठांवर होतं तसंच गोठलं.

"तेव्हापासून माझ्या डोक्यात आहे," गादीवाले पुढे म्हणाले. "माझं मोठं दुकान आहे. आधी तो नाचाचा हॉल होता. खुर्च्या कशाला हव्यात? लोक गाद्यांवर पडतील, तुम्ही वाजवा, ते झोपतील. उठतील ते सरळ गादी विकत घ्यायला! जागा माझी, जाहिरात माझी, तिकिटांचे पैसे तुमचे. फक्त एक अट. संथ वाजवायचं. दचकवायचं नाही."

मॅनेजरबाई काही बोलायच्या आत मामी इतकी हसली की तिला टेबलाचा आधार घ्यावा लागला. डोळे पुसत ती म्हणाली, "चालेल. आम्हाला चालेल."

इस्त्रींना मात्र चालेना. सगळे वादक एका शाळेच्या जेवणघरात जमले होते, तिथे ते उभे राहिले. "आपण कलावंत आहोत," ते म्हणाले. "अंगाई म्हणणाऱ्या बाया नाही."

"अहो, लोक वर्षानुवर्षं आपल्यासमोर खुर्चीत अवघडून झोपतायत," मामी म्हणाली. "एकदा त्यांना नीट पाय पसरू द्या की!"

जेवणघर खो खो हसलं. कंडक्टरसाहेबांनी हसू लपवायला नोटेशनचे कागद तोंडासमोर धरले. ठरलं.

रविवारी दुपारी मी आणि मामा दुकानात पोचलो तेव्हा दारात बुटांचा आणि चपलांचा डोंगर झाला होता. मॅनेजरबाईंनी ‘झोपून ऐका’ असं सगळीकडे लावलं होतं आणि लोक लोटले होते, ते संगीतासाठी कमी आणि गंमत बघायला जास्त. पहिल्यांदाच मी ऑर्केस्ट्राच्या कार्यक्रमाला काळ्या केसांची इतकी डोकी पाहिली. आत नजर पोचेपर्यंत गाद्याच गाद्या. डबल बेडवर दोन-दोन अनोळखी माणसं. एक निवृत्त न्यायाधीश आणि एक केशकर्तनालयवाला एका गादीच्या दोन कडांवर अवघडून बसले होते.

"तुम्ही कुठल्या बाजूला झोपता?" न्यायाधीशांनी विचारलं.

"भिंतीच्या. पण तुमची असेल तर राहू द्या."

वादकांनाही खुर्च्या नव्हत्याच. तेही गाद्यांच्या काठांवर बसले. व्हायोलिनवाल्यांनी गज जोरात ओढला की सगळी रांग वरखाली व्हायची. इस्त्रींनी उभं राहून वाजवायचं जाहीर केलं, पण त्यांच्यामुळे मागच्यांना कंडक्टर दिसेना. शेवटी तेही बसले, एका गुलाबी फुलाफुलांच्या गादीवर, ताठ, जणू खाली काटे आहेत. मामी उभी. तिच्या शेजारच्या गादीवर मामा, मोजे काढून, उशी पोटाशी धरून. त्याच्या पलीकडे मी आडवी.

कंडक्टरसाहेब आले, वाकले. आडव्या लोकांनी छताकडे हात करून टाळ्या वाजवल्या. वाजवणं सुरू झालं.

पहिला भाग गादीवाल्यांच्या मनासारखा झाला. व्हायोलिनं मऊ, बासऱ्या मऊ. कुठून तरी पहिलं घोरणं ऐकू आलं आणि मागे उभ्या असलेल्या गादीवाल्यांनी मॅनेजरबाईंना अंगठा दाखवला. भाग संपला. मामानं टाळ्या वाजवल्या, आणि आश्चर्य म्हणजे सगळ्यांनीच वाजवल्या, कारण तिथे आलेल्या कुणालाच नियम माहीत नव्हता. इस्त्रींनी डोळे मिटून घेतले.

दुसरा भाग सुरू होतो तो डबल बेसनं. पूर्वी त्या जागी अख्खी रांग वाजवायची. आता एकट्या मामीनं. तिनं गज ठेवला, लांब खालचा स्वर धरला, आणि डबल बेस तिच्या हातून सरकायला लागला. त्याच्या खाली उभं राहायला एक लोखंडी खिळा असतो, त्यावर रबराचं बूच. ते बूच नेमकं त्या गर्दीत कुठे तरी पडलं होतं आणि नाचाच्या हॉलची ती लाकडी जमीन आरशासारखी गुळगुळीत. डबल बेस निघाला पुढे आणि त्याच्यामागे मामी, वाजवतच, छोट्या छोट्या पावलांनी. नगारेवाल्यापासून निघून ती बासरीवाल्यांपर्यंत पोचली तरी तिनं स्वर सोडला नव्हता.

मामानं उशी फेकली. गादीवरून तो लोळतच खाली उतरला, पोटावर सरपटत गेला आणि दोन्ही हातांनी त्यानं तो खिळा जमिनीशी दाबून धरला. हनुवटी जमिनीला, गाल डबल बेसच्या लाकडाला.

"घट्ट धरा," मामी ओठ न हलवता म्हणाली.

"धरलाय. वाजव."

मामीनं पूर्ण ताकदीनं गज ओढला. आणि ती गोष्ट झाली, जी तिच्यासकट कुणाच्या कल्पनेत नव्हती. ती जमीन आतून पोकळ होती. खिळ्यातून तो स्वर फळ्यांत उतरला, फळ्यांतून पलंगांच्या पायांत चढला, पायांतून स्प्रिंगांत गेला, आणि स्प्रिंगांतून सगळ्या शहराच्या पाठीत.

"अगंबाई!" कुणीतरी किंचाळलं.

"कोण हलवतंय?"

"मी नाही, आईशप्पथ!" केशकर्तनालयवाला न्यायाधीशांना म्हणाला.

"गादीत काही तरी आहे. मांजर आहे का मांजर?"

"गुदगुल्या होतायत हो!"

मामी खालच्या स्वरावर गेली. गुदगुल्या वाढल्या. माझ्या कमरेपासून मानेपर्यंत कुणीतरी पिसांचा झाडू फिरवत असल्यासारखं झालं आणि मी फिसकन हसले. पलीकडची बाई हसली, तिच्या पलीकडचे दोघं हसले, आणि बघता बघता सगळं दुकान आडवं पडून हसत होतं. न्यायाधीश उशीत तोंड खुपसून गदगदत होते. गादीवाले ओळींमधून धावायला लागले, "शू! झोपा! झोपा सगळे! मंडळी, झोपायचंय!" त्यानं लोक आणखीच हसले.

आता बाकीच्या वाद्यांनी यायचं होतं. कंडक्टरसाहेबांनी काडी उचलली, पण त्यांचे खांदे हलत होते. बासरीवाल्यांची पंचाईत झाली, कारण हसताना फुंकर धरता येत नाही. त्यांच्या बासऱ्यांतून नुसतंच फुर्र फुर्र निघालं. आणि मग माझी नजर इस्त्रींवर गेली. ते गुलाबी गादीवर ताठच बसले होते. पण गादी खालून वाजत होती. त्यांची एक भुवई हलली. मग नाक हललं. मग त्या नाकातून आधी एक शिट्टी निघाली आणि पाठोपाठ असं हसू फुटलं की त्यांच्या शेजारच्या बाईंनी दचकून गज खाली टाकला. इतक्या वर्षांचं साठलेलं होतं ते, थांबेचना. हसता हसता ते गादीवर मागे कोसळले आणि पाठ टेकल्यावर तर संपलंच.

धावून दमलेले गादीवालेही शेवटी एका गादीवर धपकन बसले. मामीचा स्वर खालून वर आला. त्यांच्या चेहऱ्यावरचं सगळं गुबगुबीत रागीटपण विरघळलं. त्यांनी हळूच पाय वर घेतले, आडवे झाले आणि छताकडे बघत म्हणाले, "माझ्या गादीत हे होतं?"

तो भाग कसाबसा संपला. टाळ्या, हसणं, उशा हवेत. आणि ओरडा: "पुन्हा! ते मोठं कपाट पुन्हा!"

मामीनं मागे वळून बघितलं, दुसऱ्या कुणाला तरी म्हणतायत की काय. इतक्या वर्षांत लोकांसमोर तिनं एकटीनं असं कधी वाजवलंच नव्हतं. कंडक्टरसाहेबांनी काडी खिशात घातली आणि तिच्याकडे हात करून तेही जवळच्या गादीवर पडले. मग मामी रोज सकाळी घरी जे वाजवते तेच तिनं वाजवलं. एकेक लांब स्वर, वरून खाली, सावकाश. सुरुवातीला लोक हसत होते. मग हसणं पातळ झालं. मग कुणी छातीवर हात ठेवला, कुणी डोळे मिटले, आणि एवढ्या मोठ्या दुकानात फक्त एक घरघर उरली, जणू सगळे मिळून एकाच मोठ्या मांजराच्या पोटावर पडले आहेत. झोपलं मात्र कुणीही नाही.

संपल्यावर मामा जमिनीवरून उठला. गालावर फळ्यांचे वळ उठलेले.

"अगं," तो म्हणाला, "तू वाजवतेस ते हे?"

"म्हणजे काय? हेच की."

"हे एवढं? एवढं सगळं? आणि मी इतकी वर्षं नुसता तुझ्या हाताकडे बघून डोलत होतो!"

"म्हणजे? तुम्हाला ऐकू येत नव्हतं?"

"कधीच नाही. आज पहिल्यांदा. दातांत ऐकू आलं."

मामीनं गज खाली ठेवला. मला वाटलं आता काही खरं नाही. पण ती मट्कन त्याच्या शेजारी गादीवर बसली आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. "अहो, आणि मी सगळीकडे सांगत फिरायचे की आमच्या ह्यांना संगीतातलं किती कळतं!"

"मग आता सांग. आता कळतं."

मामा तिचा डावा हात हातात घेऊन बसला होता, बोटांवरचे तारांचे घट्टे उलटसुलट बघत, जणू ते त्यानं आधी पाहिलेच नव्हते. त्या दिवशी गाद्या किती खपल्या हे मला ठाऊक नाही, पण न्यायाधीश आणि केशकर्तनालयवाला काउंटरवर एकाच गादीसाठी हमरीतुमरीवर आले होते हे मी पाहिलं.

यानंतर सगळं आलबेल झालं असं मात्र नाही. शहराचं अनुदान काही परत आलं नाही. तुतारीवाले ऑर्केस्ट्रा सोडून आता नुसती व्हॅनच चालवतात. ऑर्केस्ट्रात परत या म्हटलं तर म्हणतात, तिथे श्रोते वेळेवर येतात. कीबोर्डवाल्याचं यंत्रही जिथल्या तिथे आहे. पण गादीवाल्यांनी दर महिन्याचा एक रविवार देऊन टाकला. गुळगुळीत जमिनीवर त्यांनी मामीसाठी एक खोबण पाडून दिली आणि तिच्याभोवती पितळी कडं बसवलं. लोक यायला लागले ते गुदगुल्यांसाठी, पण येत राहिले तसे विचारायला लागले, ती लांब बासरी कुठली, त्या बाई मध्येच का थांबतात, पुढच्या वेळी काय आहे. छप्पर दुरुस्त होऊन सभागृह उघडलं तेव्हा त्यातले बरेच तिथेही आले. मोडक्या खुर्च्यांच्या पुढच्या रांगा काढून मॅनेजरबाईंनी तिथे गाद्या घातल्या. इस्त्रींनी रीतीप्रमाणे निषेध नोंदवला आणि नंतर बाजूला घेऊन विचारलं, की ती गुलाबी आहे का अजून.

आणि गेल्या वर्षी, कितीतरी वर्षांनी, डबल बेसची एक रिकामी जागा भरली गेली. निवडीसाठी पडद्याआडून वाजवायचं असतं, म्हणजे वाजवणारा कोण ते दिसत नाही. मामी परीक्षकांत होती. तिसऱ्या उमेदवारानं गज ठेवला आणि मामीनं कागद-पेन्सिल बाजूला सारली. पडद्याआडून निघाली एक चाळिशीची बाई. मुलं मोठी होईपर्यंत वाद्य माळ्यावर ठेवलेलं, आता परत काढलेलं.

त्यांच्या पहिल्या तालमीनंतर मामी घरी आली तेव्हा योगायोगानं मी तिथे होते. वारा सुटला होता. दोघी आपापल्या डबल बेसची पेटी पाठीवर घेऊन निघाल्या होत्या आणि वाऱ्यानं त्या दोन पेट्यांची शिडं केली. दोघींना त्यानं सरळ रस्त्यावरून ढकलत नेलं, बस स्टॉपच्याही पुढे, आणि दोघी पाय रोवता रोवता इतक्या हसत होत्या की रोवताच येईनात. मामीचे केस उभे, गाल लाल.

"कशी आहे गं नवीन बाई?" मामानं विचारलं.

"भयंकर!" मामी आनंदानं म्हणाली. "आज तिनं माझी चूक काढली. दोनदा! सगळ्यांसमोर! इतकी वर्षं मी चुकत होते आणि शेजारी सांगायला कुणी नव्हतं. दुसऱ्या वेळी तर मी म्हटलं, मुळीच नाही, मी बरोबर आहे, आणि बघते तर काय, तीच बरोबर!"

"मग?"

"मग काय! उद्या बघते तिच्याकडे," मामी म्हणाली, आणि अंगातला कोटसुद्धा न काढता आतल्या खोलीत जाऊन तिनं तारा जुळवायला सुरुवात केली.